घाटरस्त्याची सहल : आखणीचा एक पाठ

सहलीचा विषय निघाला की वर्गात जी जाग येते ती एरवी भूगोलाच्या तासाला क्वचितच दिसते. त्या जागेचा उपयोग करून घ्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे. डोंगरातील रस्त्याने सहल न्यायची तर तिची आखणी कशी करावी, हा या पाठाचा विषय. बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांना उपयोगी पडावे म्हणून उदाहरण सह्याद्रीचे घेतले आहे. आपल्याला सर्वांत सोयीचा खरा घाट तोच.

या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी एक कच्चा आराखडा माझ्या टेबलावर ठेवला. बीदरहून रात्री निघायचे, सकाळी महाबळेश्वर, मग प्रतापगड, रायगड, गणपतीपुळे, गोवा, कोल्हापूर आणि पाचव्या रात्री परत. वाटेतली देवळे व धबधबे धरून नऊ स्थळे! मी त्यांना एवढेच सांगितले की, या कागदावर स्थळे आहेत, तास नाहीत. ते तुम्हीच मांडा. त्यांनी मांडले. एकूण अंतर साधारण साडेसोळाशे किलोमीटर भरले. घाट, गावे, चहापाणी धरून बसची सरासरी ताशी ३५ किलोमीटर मानली, तर ४७ तास नुसते बसमध्ये. हिवाळ्यात दिवसाचा उजेड सुमारे अकरा तासांचा. पाच दिवसांचे ५५ तास. म्हणजे नऊ स्थळे पाहण्यास, जेवण्यास आणि हातपाय मोकळे करण्यास मिळून उरले आठ तास! उरलेले भागवायचे ते रात्री घाट उतरून.

हा आराखडा तेथेच बाजूला पडला. त्यातून निघालेला पहिला नियम फळ्यावर लिहून ठेवण्यासारखा आहे : डोंगरातील सहलीची आखणी म्हणजे प्रथम काय सोडायचे हे ठरवणे. काय पाहायचे ते त्यानंतर आपोआप ठरते.

डोंगर तासांत मोजावा

एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, महाबळेश्वर ते पोलादपूर तर फक्त चाळीस किलोमीटर. त्याला दोन तास कशाला?" प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर जमिनीच्या घडणीत आहे.

दख्खनचे पठार हे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहून आलेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून झाले. हे थर जवळजवळ आडवे आहेत. त्यांची धूप होताना पायऱ्या पडतात. म्हणूनच या खडकाला 'ट्रॅप' हे नाव पडले. स्वीडिश भाषेत त्या शब्दाच्या मुळाचा अर्थ जिना. आपण पूर्वेकडून येतो तेव्हा हा जिना अगदी सावकाश चढतो. पंढरपूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे, वाई सातशे मीटरच्या आसपास. चढ लागला हे कळतसुद्धा नाही. पश्चिमेची बाजू मात्र कड्यांची. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, आणि खालचे पोलादपूर जवळजवळ समुद्रपातळीला. एवढी उंची चाळीस किलोमीटरच्या रस्त्याला उतरायची असते. रस्ता सरळ गेला तर गाडी उभी राहणार नाही. म्हणून तो वळणे घेत घेत, आपल्याच अंगावरून पुन्हा पुन्हा परतत खाली जातो.

यावरून माझा ठोकताळा असा : मोकळ्या सपाट रस्त्यावर बसला ताशी ४५ किलोमीटर धरावेत, घाटात २०. मोबाईलवरील नकाशा जो वेळ दाखवतो तो बहुधा हलक्या मोटारीचा असतो. चाळीस-पन्नास मुलांची बस, कोणाला मळमळले, कोणाला पाणी हवे, एखादा ट्रक वळणावर अडकला, हे त्या नकाशाला ठाऊक नसते. त्याने दाखविलेल्या वेळेत निदान तिसरा हिस्सा मिळवावा.

घाटमाथा, देश, कोकण हे तीन शब्द मराठी विद्यार्थ्याला परिचित आहेत. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागाचे वाचक याच तीन पट्ट्यांना मलेनाडू, बयलुसीमे आणि करावळी म्हणतात. भाषा दोन, पण जमीन एकच. आपण सारे बयलुसीमेचे, म्हणजे देशावरचे लोक. आपले डोळे, आपले चालक आणि आपली वेळेची गणिते सपाटीवर घडलेली आहेत, हे आखणी करताना विसरू नये.

इतिहासात याचा दाखला आहे. १६५९ साली विजापूरहून निघालेला अफझलखान पंढरपूरवरून वाईला आला. घोडदळ, हत्ती, उंट, तोफा असे मोठे सैन्य त्याच्याबरोबर होते आणि सपाटीवर त्याला अडवणे कठीण होते. पण जावळीच्या गर्द खोऱ्यात शिरल्यावर त्याच सैन्याला फिरायला जागा उरली नाही. १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी जे झाले ते सर्वांना माहीत आहे. युद्धाचा भाग सोडून देऊ. भूगोलाच्या विद्यार्थ्याने एवढेच घ्यावे की, मैदानाची तयारी डोंगरात पुरी पडत नाही. योगायोग असा की, पंढरपूर, वाई, प्रतापगड हीच आपल्या सहलीचीही वाट आहे.

कोणता रस्ता आणि का?

सहलीला एक सूत्र असावे. सूत्र असले की सोडण्याचे निर्णय सोपे होतात. आम्ही सूत्र घेतले पाण्याचे. अफझलपूर, गाणगापूर, जेवरगी या भागातून वाहणारी भीमा सह्याद्रीत भीमाशंकरला उगम पावते आणि रायचूरच्या उत्तरेस कृष्णेला मिळते. कृष्णा आणि कोयना या दोघी महाबळेश्वरच्या डोंगरावर उगम पावतात आणि कऱ्हाडला पुन्हा भेटतात. आपल्या नद्यांच्या कुळाचे माहेर पाहून यायचे असे ठरल्यावर गोवा आणि गणपतीपुळे यांना आराखड्यात जागा राहिली नाही, आणि कोणी फारशी कुरकूरही केली नाही.

ठरलेला मार्ग सात दिवसांचा आहे. अंतरे सुमाराची आहेत.

पहिला दिवस : बीदर, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग, सोलापूर, पंढरपूर; २७५ किलोमीटर. कलबुर्गीचे विद्यार्थी अक्कलकोटवरून सोलापूरला येऊन मिळू शकतात. त्यांना तेथवर ११० किलोमीटर पडतात. वाटेत नळदुर्गचा किल्ला पाहावा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल हा जलव्यवस्थेचा उत्तम नमुना आहे. उमरग्याजवळून जाताना किल्लारीची आठवण जरूर काढावी. तिचे कारण पुढे येईल.

दुसरा दिवस : पंढरपूर, फलटण, वाई, पाचगणी, महाबळेश्वर; २०५ किलोमीटर. यातील शेवटचे बत्तीस किलोमीटर चढाचे. वाईनंतर पसरणीचा घाट लागतो.

तिसरा दिवस : महाबळेश्वरातच. बस जवळजवळ उभी. क्षेत्र महाबळेश्वर आणि कड्यावरची दोन-तीन ठिकाणे पायी पाहावीत.

चौथा दिवस : प्रतापगड, आंबेनळी घाट, पोलादपूर, खेड, चिपळूण, १२० किलोमीटर.

पाचवा दिवस : चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण, कऱ्हाड, ९५ किलोमीटर.

सहावा दिवस : कऱ्हाड, विटा, जत, विजापूर, १९० किलोमीटर.

सातवा दिवस : विजापूर, सिंदगी, जेवरगी, कलबुर्गी, बीदर, २७० किलोमीटर.

पाहा, ज्या दिवशी घाट आहे त्या दिवसाचे अंतर कमी ठेवले आहे आणि लांबचे पल्ले सपाटीवर टाकले आहेत. एका घाटाने उतरून दुसऱ्या घाटाने चढल्यामुळे तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागत नाही. शिवाय कुंभार्ली घाटाचा रस्ता हा गुहागरहून थेट विजापूरला जाणारा मार्ग असल्याने चिपळूणपासून तो धरला की परतीची वाट आपोआप सापडते.

वाटेवरचा अभ्यास

आखणीत अभ्यासाची जागा आधीच ठरवावी लागते. नाही तर सहल छायाचित्रांपुरती उरते. मी चार गोष्टी सुचवितो.

पहिली, दगड. बीदरचा किल्ला ज्या पठारावर उभा आहे ते तांबड्या जांभ्याचे. किल्ल्याचा तिहेरी खंदक याच दगडात खोदलेला आहे आणि शहराचे जुने भुयारी पाणीमार्गही यातूनच गेले आहेत. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने केरळात या दगडाला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याच्या मुळाचा अर्थ वीट. ओला असताना कापता येतो, वाऱ्याने घट्ट होतो, म्हणून. आता पाचगणीच्या टेबललँडवर उभे राहून पायाखाली पाहा. तोच जांभा! दोन्ही ठिकाणी काळ्या बेसाल्टवर जांभ्याची टोपी आहे. मात्र पाचगणी बीदरच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. पाचशे किलोमीटर जाऊन आपल्याच अंगणातला दगड भेटतो, हा अनुभव पुस्तकाने देता येत नाही. कलबुर्गीच्या मुलांनी आपला शहाबादी फरशीचा तुकडा बरोबर न्यावा. तो चुनखडीचा असून लाव्हाच्या आधीचा, फार जुना आहे. तीन दगड शेजारी ठेवले की दख्खनचा अर्धा इतिहास समोर येतो.

दुसरी, पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, आणि आणखी बारा-तेरा किलोमीटर खाली वाईला जेमतेम सातशेच्या आसपास. पर्जन्यछायेची व्याख्या घोकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीतून झाडे मोजा. बाभूळ आणि बोर कोठे संपते, हिरडा-जांभूळ कोठे सुरू होते याची नोंद ठेवा. ती सीमारेषा म्हणजेच छायेची कड.

तिसरी, पाणी. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. त्यांतील चौघी पूर्वेस वळतात आणि कृष्णेच्या नावाने सुमारे चौदाशे किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतात. सावित्री तेवढी पश्चिमेस उडी घेते आणि पोलादपूर-महाडवरून लवकरच अरबी समुद्र गाठते. एकाच डोंगरावर पडलेल्या दोन थेंबांची ही दोन प्राक्तने!

कोयनानगरला तर माणसाने हे प्राक्तन बदललेले दिसते. १०३ मीटर उंचीच्या धरणाने अडविलेले पूर्ववाहिनी कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेच्या कड्याखाली सोडतात, त्यावर वीज निर्माण होते आणि ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जाते. प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे. कृष्णा पाणीतंट्यावरील बच्छावत लवादाने यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टी.एम.सी. पाणी पश्चिमेस वळविण्यास मान्यता दिली होती. एरवी हे पाणी कऱ्हाडवरून कर्नाटकात आले असते. यावर वर्गात दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. पण धरण आणि कडा दोन्ही पाहिल्यावर घातलेला वाद वेगळा होतो. धरण पाहण्यास पूर्वपरवानगी लागते. तिचा अर्ज दोन महिने आधी करावा.

चौथी, भूकंप. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सुमारे साडेसहा तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयाच्या भारामुळे होणाऱ्या भूकंपाचे ते जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेला भूकंप आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी अंगावर अनुभवलेला आहे. दख्खनचे पठार स्थिर, येथे मोठे भूकंप होत नाहीत, हा जुना समज या दोन पहाटांनी मोडला. पहिल्या दिवशी उमरगा आणि पाचव्या दिवशी कोयनानगर या मार्गावर येतात ते यासाठी.

ऋतू आणि धोका

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. घाट पावसाळ्यात सुंदर दिसतो, यात शंका नाही. धबधबे, धुके, हिरवळ, सारे जून ते सप्टेंबरातच. तरीही विद्यार्थ्यांची बस पावसाळ्यात घाटात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याला कारणे आहेत.

बेसाल्टच्या दोन थरांमध्ये ठिकठिकाणी लाल मातकट पट्टा असतो. रस्त्यासाठी डोंगर कापला की हा पट्टा उघडा पडतो. पाणी मुरले की मऊ होतो आणि वरचे वजन घेऊन सुटतो. दरड कोसळण्याच्या कारणांपैकी हे एक. २२-२३ जुलै २०२१ या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस पडला. बीदरला वर्षभरात जेवढा पडतो त्याच्या निम्म्याहून पुष्कळ अधिक, एका दिवसात! त्याच दिवसांत महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गाडले गेले, चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुरात बुडाले आणि आंबेनळीचा रस्ता खचून बंद ठेवावा लागला. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर प्रवाशांसह दोन एस.टी. बसेसही गेल्या.

आणखी एक घटना सांगणे मला कर्तव्य वाटते, कारण ती सहलीचीच होती. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचारी महाबळेश्वरला सहलीस निघाले होते. आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली. बसमधील एकच जण वाचला. ते लोक कोकणातलेच, डोंगर ओळखणारे होते. आपण तर सपाटीवरून जाणार आहोत. हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. पण सहलीच्या परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो प्राध्यापक असो वा पालक, ही तारीख ठाऊक असावी.

मग केव्हा जावे? डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आकाश स्वच्छ, रस्ते कोरडे. नाताळचा आठवडा टाळावा. महाबळेश्वरात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते आणि मुक्कामाचे दर चढतात. पंढरपूरला एकादशी पडत नाही ना, हे पंचांगात पाहून घ्यावे. या ऋतूत एकच वैगुण्य आहे : उसाचा हंगाम. पंढरपूर, फलटण आणि कऱ्हाडच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. अंधारात त्यांच्या मागचा दिवा दिसेलच असे नाही. म्हणून दुसरा नियम : सूर्यास्तानंतर बस चालवायची नाही. पालक आम्हाला नेहमी एकच प्रश्न विचारतात, "सर, रात्री गाडी कुठे असेल?" कितीतरी मुलींना घरून परवानगी मिळते की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. 'रोज दिवेलागणीला गाडी मुक्कामाच्या दारात असेल' असे लेखी देता आले, तर त्या मुलींची सहल खरी होते. आखणी ही अशी कोणाला तरी दार उघडून देणारी गोष्ट आहे.

गाडी आणि चालक

गाडी परिवहन महामंडळाची प्रासंगिक करारावर घ्यावी किंवा खाजगी. परंतु दोन राज्यांचा प्रवास असल्याने परवाना, कर आणि विम्याची कागदपत्रे निघण्यापूर्वी स्वतः पाहावीत. पंढरपूरच्या वाटेवर नाक्याशी उभे राहून चौकशी करण्यात अर्थ नाही.

चालक निवडताना त्याने पूर्वी घाट चालविला आहे का, एवढे एकच विचारावे. चालकांमध्ये एक जुना नियम आहे : ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. त्यामागे पदार्थविज्ञान आहे. उतारावर केवळ ब्रेकवर भिस्त ठेवली तर घर्षणाने ब्रेक तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरते. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, हा कायद्याने घातलेला नियमही सर्वांना माहीत हवा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तासांपर्यंत मर्यादित केले होते. आमच्या आराखड्यातील सर्वांत लांब दिवसही सात तासांच्या आसपास बसतो. चालकाच्या झोपेची आणि जेवणाची सोय मुलांच्या आधी करावी. तो मुक्कामाला बसमध्येच अंग दुमडून झोपत असेल, तर दुसऱ्या दिवशीचा घाट आपण उधारीवर चढतो आहोत, असे समजावे. घाटात त्याच्याशी गप्पा नकोत, मोठ्याने गाणी नकोत.

ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या बाकावर बसवावे. घाटाच्या दिवशी सकाळी पोटभर तळलेले खाऊ नये. आवळासुपारी किंवा लिंबू जवळ असावे. शिध्यात आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर असावी. ती अनेक दिवस टिकते आणि घाटात अडकून पडलो तरी पन्नास माणसांचे एक जेवण भागवते. खर्चाचे पाच भाग करावेत : गाडी, मुक्काम, जेवण, टोल व प्रवेश शुल्क, आणि राखीव. राखीव रक्कम एकूण खर्चाच्या दशांशापेक्षा कमी नसावी, आणि ती उरली तर परत वाटावी.

जगात इतरत्र

हल्ली मुले मोबाईलवर बाल्कन देशांतील डोंगररस्त्यांची चित्रे पाहतात आणि आपले घाट त्यापुढे काय, असे म्हणतात. तुलना करूच. 'बाल्कन' हा मूळ तुर्की शब्द, त्याचा अर्थ झाडीने भरलेला डोंगर. मॉन्टेनेग्रो या देशाच्या नावाचाच अर्थ काळा डोंगर. तेथे समुद्रकाठच्या कोटर शहरावरून एक रस्ता पंचवीस तीव्र वळणे घेत कड्यावर चढतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला गेला. खाली बंदर, वर पठार, मध्ये कडा. कोकणातून देशावर चढण्याचीच ही दुसरी आवृत्ती. त्याच देशातील दुर्मितोर डोंगरावरचा रस्ता १९०७ मीटर उंचीच्या खिंडीतून जातो आणि हिवाळ्यात बर्फाने बंद होतो. त्यांना जो अडसर बर्फाचा, तोच आपल्याला पावसाचा. तेथे एका आठवड्यात तीन-चार देशांच्या सीमा लागतात म्हणून कागदपत्रांची तपासणी अधिक. आपल्याकडे एकच राज्यसीमा. परंतु उद्या तुमच्यापैकी कोणी तेथे गेलेच, तर विचारायचे प्रश्न हेच राहतील : रस्ता कोणत्या महिन्यात उघडा असतो, अंतर किती तासांचे, चालक किती थकलेला, आणि अंधार पडण्यापूर्वी आपण कोठे असू? ज्याने आंबेनळी नीट आखली त्याला कोटर अवघड जाणार नाही.

सारांश

आपल्या भागातल्या अनेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यात महाविद्यालयाची सहल हा घराबाहेरचा पहिला लांबचा प्रवास असतो. तो नऊ ठिकाणी धावत करून आल्यास आठवणीत केवळ बसची खिडकी राहते. थोडी ठिकाणे, दिवसाउजेडी, पुरेशा सवडीने पाहिली, तर जेवरगीच्या पुलावरून परतताना भीमेकडे पाहण्याची दृष्टी बदललेली असते. ते पाणी कोणत्या कड्यांकडून आले हे डोळ्यांनी पाहिलेले असते. सहलीचे फळ ते हेच.

स्वाध्याय

१. वरील मार्गाचा उंचीचा आडवा छेद आलेखपत्रावर काढा. बीदर, पंढरपूर, वाई, महाबळेश्वर, पोलादपूर आणि कऱ्हाड ही ठिकाणे दाखवा.

२. चौथ्या दिवशी आंबेनळी घाट अचानक बंद झाल्यास कोणता पर्यायी मार्ग घ्याल? किती तास वाढतील आणि कोणते ठिकाण सोडाल?

३. सात दिवसांऐवजी पाचच दिवस मिळाले, तर या आराखड्यातून काय वगळाल? कारणे द्या.

४. आपल्या गावाजवळील ओढ्याचे पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते? वाटेतील प्रत्येक नदीचे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकमेकांचे पाहून लिहू नये. प्रत्येकाने काय सोडले हे वर्गात वाचून दाखवू; सहलीचा अंतिम आराखडा त्यातूनच निघेल.